काचेतलं पाणी

कॉलेजात तिला सगळे कपाटबाई म्हणायचे. तोंडावर मॅडम, पाठ वळली की कपाटबाई. तिला ते माहीत होतं आणि त्याचा तिला राग नव्हता. ग्रंथालयाच्या मागे अभ्यास केंद्राची खोली होती, आणि तिथल्या करड्या लोखंडी कपाटाची किल्ली अकरा वर्षं तिच्याकडेच होती.

कॉलेज दोन वर्षांचं, कामधंद्याचं शिक्षण देणारं. नुकती शाळा संपवलेली पोरं तिथे यायची, तशी कारखाना बंद पडल्यावर नव्याने काहीतरी शिकू बघणारी पन्नाशीची माणसंही यायची. कुणी वायरिंग शिकायचं, कुणी रुग्णसेवा, कुणी बॉयलर चालवणं. वर्गात डोक्यावरून गेलं की ही माणसं हिच्या खोलीत येऊन बसत. सहा कॉम्प्युटर, जाडजूड पुस्तकं, आतलं दिसावं म्हणून मधोमध कापलेला एक व्हॉल्व्ह, आणि जुन्या प्रश्नपत्रिकांच्या फायली. फायली खोलीतच बसून बघायच्या. त्यांची उत्तरं मात्र कपाटात. ती फक्त शिकवणाऱ्यांना मिळत.

नवा विद्यार्थी आला की ती त्याच्याकडून एका कागदावर सही घ्यायची: परीक्षेत लबाडी करणार नाही, दुसऱ्याचं काम आपलं म्हणून देणार नाही. नुसती सही नाही, आधी मोठ्याने वाचायला लावायची. कुणी गुळमुळीत वाचलं तर पुन्हा. दोनदा तिने स्वतः कॉपी पकडून वर कळवलं होतं. त्यातल्या एका बाईला कॉलेजातून काढलं. ती बाई अजून बाजारात दिसली की रस्ता ओलांडून पलीकडे जायची. कपाटबाईला वाईट वाटे, पण आपलं चुकलं असं कधी वाटलं नाही.

मग तिचा भाऊ त्या कॉलेजात आला.

भाऊ तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. घरात त्याला बारक्या म्हणायचे, आणि आता अडतिसाव्या वर्षी, दारातून आत येताना मान वाकवावी लागत असतानाही तो बारक्याच राहिला होता. आई लवकर गेली, तेव्हापासून त्याच्या शाळेच्या डब्यापासून त्याच्या लग्नापर्यंत सगळं हिनेच निस्तरलं होतं. छापखान्यात तो सोळा वर्षं मशीनवर होता. छापखाना बंद झाला आणि चौदा महिने तो घरात बसला. बॉयलर अटेंडंटला मागणी आहे असं ऐकून त्याने नाव घातलं. हात सोन्याचे होते, नट-बोल्ट त्याचं ऐकायचे. पण वाचन म्हणजे संकट. ओळ वाचता वाचता अक्षरं मुंग्यांसारखी इकडून तिकडे चालू लागतात, असं तो लहानपणापासून सांगायचा, आणि लहानपणापासून सगळे त्याला आळशी म्हणायचे.

लेखी परीक्षेत तो दोनदा नापास झाला. दुसऱ्या वेळी पन्नासात एकोणीस. तिसरी संधी शेवटची. ती त्याला रोज दुपारी खोलीत बसवून शिकवायची. सांगितलेलं त्याला समजायचं, पण कागदावर तेच समोर आलं की तो घामाघूम व्हायचा.

परीक्षेच्या चार दिवस आधी, खोलीत दोघंच असताना, त्याने पुस्तक मिटलं.

"ताई, नाही होणार माझ्याच्याने. बायको काही बोलत नाही, पण आता ती बोलायचीसुद्धा थांबलीय."

तिने त्याच्याकडे बघितलं. मान खाली, मोठे हात मांडीवर. ती उठली. गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली, त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर.

"मी पाणी भरून आणते," ती म्हणाली.

पाण्याचा नळ व्हरांड्याच्या टोकाला. जाऊन यायला दोन मिनिटं. बाटली भरली, आणि ती तिथेच भिंतीवरची एक सूचना वाचत उभी राहिली. कुणाची तरी छत्री हरवली होती. ती सूचना तिने पाच-सहा वेळा वाचली. परतली तेव्हा बारक्या गेला होता आणि किल्ली जागच्या जागी होती. कपाट उघडून बघितलं. उत्तरांच्या गठ्ठ्याला ती रबर दोनदा गुंडाळायची. आता ते एकदाच गुंडाळलेलं होतं. तिने ते दोनदा केलं, कपाट लावलं, आणि नोंदवहीत रोजच्यासारखं लिहिलं, 'कपाट तपासलं, सर्व ठीक.' खाली सही.

बारक्याला पन्नासात सत्तेचाळीस मिळाले.

बॉयलरचा वर्ग घेणारे मास्तर चाळीस वर्षं वाफेत काढलेले. डावा कान कुठल्याशा जुन्या अपघातात भाजून आखडलेला. पोरं त्यांना वाफसर म्हणत. निकालाच्या दिवशी ते पेपर घेऊन तिच्या खोलीत आले आणि खुर्ची ओढून बसले.

"एकोणीसवरून सत्तेचाळीस. चांगलं शिकवलंत भावाला."

"मेहनत केली त्याने."

"केली असेल." त्यांनी पेपर तिच्यापुढे सरकवला. "चुकलेले तीन बघा. सत्तेचाळीस प्रश्न दरवर्षीचेच आहेत. या तीनच प्रश्नांच्या उत्तरांचा क्रम मी यंदा बदलला होता."

तिने बघितलं. पहिलाच प्रश्न होता: 'काचेत पाण्याची पातळी दिसेनाशी झाल्यास सर्वप्रथम काय करावे?' बारक्याने 'क'वर खूण केली होती. जुन्या पेपरात 'क' म्हणजे 'बर्नर बंद करावा' असं होतं. नव्यात 'क'समोर छापलं होतं: 'पंप सुरू करून बॉयलरमध्ये त्वरित पाणी सोडावे.'

हा प्रश्न तिने इतक्या जणांना समजावला होता की उत्तर तिला तोंडपाठ होतं. बॉयलरच्या अंगावर काचेची नळी असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पाणी उतरलेल्या बॉयलरचं लोखंड आतून तापून लाल होतं. त्याच्यावर गार पाणी पडलं तर त्याची क्षणात वाफ होते, आणि मग बॉयलर राहत नाही, भिंती राहत नाहीत, जवळचं माणूसही राहत नाही.

"कपाट तुमच्याकडेच असतं ना?" वाफसरांनी विचारलं.

"नोंदवहीत रोज सही आहे माझी," ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा आला. त्याचीच तिला मागाहून भीती वाटली.

वाफसरांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग पेपर उचलला. "तुम्ही म्हणता म्हणजे झालं," असं म्हणून ते गेले.

महिनाभरात बारक्याला लाँड्रीत काम लागलं. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री. एका बाजूला बॉयलरची खोली, मधे एक भिंत, आणि भिंतीपलीकडे इस्त्रीचा लांबलचक हॉल, तिथे तीस बायका काम करायच्या. दोन महिन्यांनी बारक्याने आपल्या बायकोलाही तिथे लावून दिलं. भावजय आता एकतिसावी.

"दोघंही एकाच ठिकाणी," ती आनंदाने सांगायला आली. "भिंतीवर थाप मारली की हे पलीकडून उत्तर देतात, ताई."

कपाटबाईने तिला चहा दिला. स्वतःचा कप मात्र तसाच गार झाला.

त्यानंतरच्या रविवारी ती भावाकडे जेवायला गेली. भावजय स्वयंपाकघरात होती. कपाटबाईने सहज विचारल्यासारखं केलं, "बारक्या, काचेत पाणी दिसेनासं झालं तर काय करशील रे?"

तो हसला. "पाणी सोडणार, दुसरं काय? तहानलेल्याला पाणी पाजायचं. यात कसला अभ्यास!"

"नाही. आधी बर्नर बंद करायचा. पंपाला हात लावायचा नाही. आत तापलेलं—"

"ताई." त्याचं हसू गेलं. "परीक्षा झाली आता. मी पास झालोय."

"तू पास कसा झालास ते मला माहीत आहे."

तो खाली बघतच म्हणाला, "आणि तू पाणी भरायला किती वेळ गेली होतीस, ते मला माहीत आहे."

तेवढ्यात भावजय ताटं घेऊन आली आणि दोघंही तिच्याकडे बघून हसले. त्या दिवशी जेवताना आणखी कुणी काही बोललं नाही. भावजयीला वाटलं, मीठ कमी पडलंय.

त्यानंतर तिचं खोलीतल्या कामात लक्ष लागेना. नव्या पोराला कागद वाचायला लावायची आणि 'लबाडी' शब्द आला की खिडकीबाहेर बघायची. भिंतीतल्या नळात हवा अडकून गुरगुर झाली तरी दचकायची. बारक्या फोनवर गमती सांगायचा. बॉयलरची पाणी कमी झाल्याची घंटा उगाचच बोंबलत होती, म्हणून मुकादमाने तिची वायरच बाजूला करून टाकली. पाणी भरणारा पंप आपोआप चालू होईना, म्हणून आता बटण दाबून चालवतो. "म्हातारं जनावर आहे, ताई. पण माझं ऐकतं."

चौथ्या महिन्यात एका शनिवारी सकाळी ती भावजयीचा विसरलेला चष्मा द्यायच्या निमित्ताने लाँड्रीत गेली. बारक्याने कौतुकाने तिला बॉयलर दाखवला. खोली झाडून स्वच्छ, पितळ घासून चकचकीत, हत्यारं ओळीत लावलेली. छापखान्यातली त्याची सवय. पाण्याची काच मात्र आतून तपकिरी झाली होती. पातळी कुठे आहे ते वाकून, डोळे बारीक करून शोधावं लागत होतं.

"ही काच खालचा नळ उघडून रोज साफ करायची असते ना?"

"असते," तो म्हणाला. "म्हणजे, करायची असते."

टेबलावर रोजच्या नोंदींचा तक्ता होता. तासातासाचा दाब, तासातासाची पातळी. तिने तो उचलला. प्रत्येक रकान्यात एकच आकडा, त्याच्याच वळणदार अक्षरात. शनिवार पूर्ण भरलेला होता, संध्याकाळपर्यंत. रविवारही. सोमवारही.

"हे काय, बारक्या? सोमवार अजून यायचाय."

"आकडा तोच येतो गं रोज." तो कानामागे खाजवत म्हणाला. "वाचून लिहायला मला वेळ लागतो. मग आधीच उतरवून ठेवतो."

भिंतीपलीकडून तीन थापा आल्या. त्याने हसून दोन थापा परत दिल्या.

रविवार तिने कसा काढला ते तिलाच माहीत. एकदा वाटलं, पुन्हा जाऊन त्याला समजवावं. पण समजवायचं म्हणजे आधी तुला येत नाही हे म्हणायला हवं, आणि ते ती म्हणून बसली होती. सोमवारी कॉलेज उघडताच ती वाफसरांच्या समोर जाऊन उभी राहिली. बसली नाही. किल्ली, बाटली, हरवलेल्या छत्रीची सूचना, रबर, सही, घंटेची वायर, तपकिरी काच, सोमवारचे आकडे, सगळं सांगितलं. वाफसरांनी फोन जवळ ओढला.

मग म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही सहीचं सांगितलंत आणि मी ते मानलं. मला मानायचंच होतं. लाँड्रीवाले माणूस द्या म्हणून मागे लागले होते." ते बोलता बोलता फोन फिरवत होते. मुकादमाने उचलला. सोमवार आहे, चादरींचे डोंगर पडलेत, बॉयलर बंद करून कसं चालेल, असं म्हणून त्याने ठेवून दिला.

"चला," वाफसर म्हणाले.

लाँड्रीच्या फाटकातून आत शिरतानाच वाफसरांनी नाक वर करून तापल्या लोखंडाचा वास घेतला आणि पावलं लांब टाकायला सुरुवात केली. तिला कसलाच वास आला नव्हता.

बारक्या बॉयलरपाशीच होता. बहिणीला मास्तरांबरोबर बघून त्याचा चेहरा पडला. "सर, तुम्ही?"

"काच बघायचीय तुझी."

काचेत पाणी दिसत होतं, मध्याच्या जरा वर. वाफसरांनी खालचा नळ उघडला. फस्सकन पाणी बाहेर पडलं. नळ बंद केला. पाणी लगेच उसळून वर यायला हवं होतं. काच रिकामीच राहिली. ज्या वाटेने पाणी काचेत येतं ती वाट क्षाराने बुजली होती, आणि इतके दिवस दिसत होतं ते अडकून पडलेलं जुनं पाणी. वाफसरांनी बॉयलरच्या अंगावरचा सगळ्यात खालचा तपासणीचा नळ अगदी थोडा उघडला. तिथून तरी पाणीच यायला हवं होतं. नुसती कोरडी वाफ आली.

"पाणी नाही," बारक्या पुटपुटला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, आणि तो पंपाकडे वळला. तो विचार करत नव्हता. त्याचा हातच निघाला होता, हिरव्या बटणाकडे.

ती जवळ होती. तिने त्याच्या आधी बटणावर स्वतःचा तळवा ठेवला आणि पाठ भिंतीला लावून उभी राहिली. बारक्याने तिचं मनगट धरलं. त्याच्या पकडीत ताकद होती, हाड कळवळलं.

"ताई, सोड! पाणी संपलंय!"

"म्हणूनच नाही सोडणार."

"ताई, ती पलीकडे आहे!"

"माहीत आहे मला. बारक्या, माझ्याकडे बघ. नको."

तोवर वाफसरांनी बर्नर बंद केला होता आणि तेलाचा नळही. ज्वाळेचा आवाज गेला आणि खोलीत एक विचित्र शांतता पसरली, लोखंडाच्या आतून बारीक टिकटिक येत होती. "कुणीही कशालाही हात लावू नका," वाफसर अगदी हळू म्हणाले, जणू झोपलेल्या कुणाला जाग येईल. "बायकांना मागच्या दाराने बाहेर काढा. पळायचं नाही, ढकलाढकली नाही. चालत."

भिंतीवर पलीकडून थापा पडल्या. तीन. बारक्याने उत्तर दिलं नाही. तो धावत पलीकडे गेला.

एकतीस बायका रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत उभ्या राहिल्या. कुणाच्या हातात अर्धवट घडी घातलेली चादर तशीच होती. टिकटिक थांबायला दुपार झाली. काही फुटलं नाही, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी तपासणी अधिकाऱ्याने बॉयलर उघडला, तेव्हा वरच्या ओळीतल्या नळ्या निळ्या पडून खाली झुकल्या होत्या. आणखी किती वेळ होता, असं मुकादमाने विचारलं. अधिकाऱ्याने बाजूला काढलेली घंटेची वायर उचलून त्याच्या हातात दिली.

चौकशी झाली. तिने वाफसरांना सांगितलं तेच तसंच पुन्हा सांगितलं, काही लपवलं नाही. तिची नोकरी गेली. बारक्याचं प्रमाणपत्र रद्द झालं. वाफसरांना ताकीद मिळाली. लाँड्री दोन महिने बंद राहिली, आणि त्यातल्या कित्येक बायका तिच्या ओळखीच्या होत्या. आता रस्त्यात दिसल्या की त्या मान फिरवायच्या. भावजय आली नाही, तिचा फोनही आला नाही.

प्राचार्यांनी तिला शेवटच्या दिवशी बोलावून घेतलं. "एका माणसाचं प्रकरण होतं," ते म्हणाले. "इथेच मिटलं. बाहेर फार वाच्यता नको." तिने मान डोलावली. तिलाही तसंच वाटत होतं.

आठ दिवसांनी दुपारी बारक्या तिच्या घरी आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. भांडायला आला असेल असं वाटून तिने दार पूर्ण उघडलं. तो भांडला नाही. खुर्चीवर बसला आणि खिशातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला.

"ताई, त्या दिवशी मी ती पानं वाचत बसलो नव्हतो. मला कुठलं एवढं जमायला! फोटो काढला होता."

तिने समोरची खुर्ची ओढली.

"परीक्षेच्या आदल्या दिवशी बाकावरच्या पोराने विचारलं. त्याची बायको गरोदर होती. त्याला दिला. मग त्याने मागच्याला दिला. माझ्या मागच्या बॅचमधल्या दोघांनी परीक्षेनंतर मागितला, पुढच्या वेळेसाठी. नाही कसं म्हणायचं?"

"किती जण, बारक्या?"

"मला माहीत असलेले नऊ."

तिने कागद घेतला. तो मोबाइलमध्ये बघून एकेक अक्षर जुळवत नावं वाचू लागला आणि ती लिहू लागली. नावापुढे कामाची जागा, त्याला माहीत असेल तर. दूध डेअरी. कापड रंगवायचा कारखाना. हॉस्पिटल. मुलांचं वसतिगृह. वसतिगृहापाशी तिचं पेन थांबलं, पण तो पुढचं नाव वाचत होता, म्हणून तिने लिहिलं.

तिने आधी वाफसरांना फोन केला. ते अर्ध्या तासात आले. कोपऱ्यातलं स्टूल ओढून बसले आणि तिघांनी यादीतल्या एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. कुणी फोनवर चिडलं, कुणी रडलं, कुणी खोटं बोललं आणि मग पुन्हा फोन करून खरं सांगितलं. संध्याकाळपर्यंत सात सापडले. वाफसर सातही मालकांशी स्वतः बोलले, आणि प्राचार्यांना कळवल्यावर पलीकडून ते काय म्हणाले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

आठव्याचा नंबर बंद होता. त्या प्रमाणपत्रावर कुठल्याही गावात काम मिळतं.

नवव्याचा फोन त्याच्या आईने उचलला. "मोबाइल घरीच विसरलाय तो," म्हातारी म्हणाली. "नवीन काम लागलंय ना, पहाटेच गेला घाईघाईने."

"कुठे, आजी? जागेचं नाव सांगता का?"

"नाव नाही बाई ठाऊक मला. पण फार मोठं आहे म्हणत होता. खूप माणसं आहेत म्हणे तिथे." तिचा आवाज कौतुकाने भरून आला. "पहिल्याच दिवशी त्याच्या एकट्याच्या हातात दिलंय सगळं."

"किती वाजता येतो घरी?"

"यायला हवा होता एव्हाना," म्हातारी म्हणाली.

बारक्याने म्हातारीचं बोलणं ऐकता यावं म्हणून मान पुढे केली होती. वाफसर उठून गाडीची किल्ली शोधू लागले होते. तिने फोन कानाशी तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने कागद जवळ ओढला.

"आजी, तुमचा पत्ता सांगा," ती म्हणाली. "आम्ही येतोय."